पारा वेचणारं सोनं

घरात काचेचा थर्मामीटर फुटला की मोठ्या बायका आधी हातातली अंगठी नि बांगड्या काढून ठेवायच्या आणि मगच फरशीवर पळणारे चंदेरी मणी कागदाच्या कपट्यावर गोळा करायला बसायच्या. डिजिटल थर्मामीटर आल्यापासून हे प्रसंग कमी झाले, पण चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ते पाहिलेले असतात. पाऱ्याचा थेंब सोन्याला नुसता टेकला तरी तिथे पांढरा डाग पडतो, आणि तो घासून किंवा धुऊन जात नाही. ज्या सोन्याला गंज चढत नाही, चिंच-लिंबू बाधत नाही, नायट्रिक ॲसिडही ज्याचं काही बिघडवू शकत नाही, ते सोनं पाऱ्याच्या एका मण्यापुढे इतकं हतबल का होतं?

कारण पारा सोन्यावर बसत नाही, सोन्यात शिरतो. दोन्ही धातूंचे अणू एकमेकांना धरून ठेवतात आणि पृष्ठभागावर दोघांचं मिश्रण तयार होतं. त्याला पारदमेल म्हणतात. हे बंधन पक्कं असतं, पण कायमचं नसतं. भरपूर तापवलं की पारा वाफ होऊन निघून जातो आणि सोनं होतं तसं मागे उरतं. थंड असताना धरायचं आणि तापल्यावर सोडायचं, एवढ्या एका गुणावर उत्तर ध्रुवाच्या हवेतला पारा मोजणारं यंत्र उभं आहे. दिल्लीच्या हवेतला पाराही याच तत्त्वावर मोजता येतो. आणि जगाच्या हवेत सर्वांत जास्त पारा सोडणारा धंदाही नेमका याच गुणावर चालतो.

झारेकऱ्याचं काम, उलट्या बाजूने

दिल्लीत करोल बागेत किंवा चांदनी चौकातल्या कुचा महाजनीत गलाईच्या दुकानांपाशी थांबलात, तर आतून सांगली जिल्ह्याची मराठी कानावर येण्याचा संभव बराच आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत सोनं गाळायला गेली. मूस, भट्टी आणि ॲसिड घेऊन ती बसली आणि तिथलीच झाली. सोनं-पाऱ्याचं नातं त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

त्याच बाजाराच्या कडेला आपल्याकडे झारेकरी असायचे, उत्तरेत त्यांना न्यारिये म्हणतात. सोनाराच्या दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ, भट्टीची राख ते झाडून नेत. पाटीभर मातीत गुंजभर सोनं असेल-नसेल. ते डोळ्यांनी निवडणं अशक्य. मग माती धुऊन आटवायची, उरलेल्या गाळात पारा घालून खळायचं. सोन्याचे कण पाऱ्यात उतरतात, माती बाजूला राहते. शेवटी पारा तापवून उडवला की हातात सोन्याचा बारीक गोळा उरतो.

हवेतला पारा मोजणारा शास्त्रज्ञ हेच करतो, फक्त उलट्या बाजूने. त्याच्याकडे सोनं आहे आणि शोधायचा आहे पारा. त्याची माती म्हणजे हवा. झारेकऱ्याला शेवटी उडून गेलेल्या पाऱ्याचं काही वाटत नसे. शास्त्रज्ञाचं सगळं लक्ष त्या उडणाऱ्या पाऱ्यावरच असतं.

एका घन किलोमीटरमध्ये दीड ग्रॅम

उत्तर गोलार्धात, शहरं आणि धुराड्यांपासून दूर, एक घनमीटर हवेत साधारण १.५ नॅनोग्रॅम पारा असतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या जवळपास असतं, म्हणजे हवेच्या एक लाख कोटी ग्रॅममागे पारा फार तर सव्वा ग्रॅम. दक्षिण गोलार्धात तो आणखी कमी, १ नॅनोग्रॅमच्या आसपास असतो, कारण धुराडी बहुतेक उत्तरेत आहेत आणि विषुववृत्त ओलांडून हवा सावकाश मिसळते.

एक किलोमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच असा हवेचा ठोकळा घ्या. त्यातला सगळा पारा एकत्र केला तर भरतो दीड ग्रॅम. ताप मोजायच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये एक ग्रॅमच्या आतबाहेर पारा असायचा. म्हणजे इंडिया गेटभोवतीची किलोमीटरभर उंचीची सगळी हवा गाळली आणि ती स्वच्छ असली, तर जेमतेम दीड थर्मामीटर भरेल. अर्थात ती स्वच्छ नाही. त्याकडे पुढे येऊ.

इतक्या विरळ गोष्टीची फिकीर कशाला? कारण पारा हवेत साध्या, अणुरूप वाफेच्या अवस्थेत असताना कशाशीही चटकन संयोग पावत नाही, पाण्यात विरघळत नाही, पावसाने धुतला जात नाही. तो सहा महिने ते वर्षभर हवेत फिरत राहतो. तेवढ्या काळात वारे त्याला पृथ्वीभोवती अनेकदा फिरवून आणतात. दिल्लीजवळच्या दादरी वीज केंद्राच्या धुराड्यातून सुटलेला अणू ग्रीनलँडवर उतरू शकतो. पाऱ्याला आपण स्थानिक प्रदूषण समजतो, प्रत्यक्षात तो साऱ्या जगाच्या सामाईक हवेत मिसळतो.

इथे एक शंका वाचकाला यायला हवी. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसच्या सुमारास गोठतो. ध्रुवीय हिवाळ्यात तापमान त्याच्या खाली जातं, म्हणून तिथे पाऱ्याचे थर्मामीटर निकामी होतात आणि अल्कोहोलचे वापरावे लागतात. मग त्या थंडीत हवेतला पारा गोठून खाली कसा पडत नाही? उत्तर विरळपणातच आहे. गोठायला अणूंनी एकत्र यावं लागतं. उणे ३९ अंशांनाही हवा घनमीटरला दहा हजार नॅनोग्रॅमहून अधिक पारा वाफेच्या रूपात सहज सामावून घेऊ शकते, आणि तिथे तर आहे फक्त दीड. थंडीने एकट्याने पारा पडत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढची हकिगत अधिक चक्रावून टाकते.

पाच मिनिटं, पाच लिटर

आता यंत्र जवळून पाहू. जगभरच्या बहुतेक केंद्रांवर ज्या जातीचं यंत्र आहे ते टेबलावर मावतं. छपरातून टेफ्लॉनची नळी बाहेर काढलेली असते. आत शिरताना गाळणीत धूळ अडते आणि चुनकळीसारख्या सोडालाइमच्या थरात आम्लाच्या वाफा. या वाफा सोन्यावर बसल्या तर ते पारा धरेनासं होतं. मिनिटाला साधारण एक लिटर या संथ गतीने हवा एका बोटाएवढ्या क्वार्ट्‌झच्या नळीतून जाते. या नळीत सोनं भरलेलं असतं. नायट्रोजन, ऑक्सिजन, ओझोन, कार्बन डायऑक्साइड हे सगळे वायू सोन्याला बगल देऊन निघून जातात. पारा तेवढा अडकतो.

पाच मिनिटांत पाच लिटर हवा गेली. स्वच्छ हवेत तिच्यात साडेसात पिकोग्रॅम पारा असतो. पिकोग्रॅम हा नॅनोग्रॅमचाही हजारावा भाग. आकडा ऐकून शून्यच वाटतं, पण अणू मोजले तर ते भरतात सुमारे सव्वादोन हजार कोटी. मोजायला माल कमी नाही, फक्त तो दिसायला हवा.

पाच मिनिटं झाली की झडप फिरते. हवा शेजारच्या दुसऱ्या सोन्याच्या नळीत जाऊ लागते आणि पहिल्या नळीतून शुद्ध आर्गॉन वायू सोडतात. मग तारेच्या वेटोळ्याने ती नळी काही क्षणांत ५०० अंशांच्या आसपास तापते. सोनं पारा सोडतं. आर्गॉन त्याला वाहून एका छोट्या पारदर्शक कुपीत नेतो आणि तिथे त्याच्यावर अतिनील प्रकाश पडतो.

हा प्रकाश साधासुधा नाही. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतात आणि तोच परत बाहेर टाकतात. पाऱ्याची आवडती तरंगलांबी २५३.७ नॅनोमीटर आहे. यंत्रातला दिवा पाऱ्याच्याच वाफेचा असतो, त्यामुळे तो नेमका हाच प्रकाश देतो. कुपीतला पारा तो शोषून सर्व दिशांना उजळतो आणि दिव्याच्या काटकोनात बसवलेला डोळा ती उजळणी टिपतो. दिव्याचा थेट प्रकाश या डोळ्यात जात नाही, म्हणून कुपीत पारा नसेल तेव्हा डोळ्यापुढे अंधार. जेवढा पारा, तेवढा उजेड. आर्गॉनच का, याचंही कारण इथे आहे. कुपीत नायट्रोजन-ऑक्सिजन असते तर त्यांच्या रेणूंनी उत्तेजित पाऱ्याला धडका देऊन त्याची ऊर्जा उजळण्याआधीच काढून घेतली असती. आर्गॉन हे करत नाही.

दोन नळ्या आळीपाळीने चालतात. एक हवा खाते तेव्हा दुसरी तापते. तासाला १२ मोजण्या, दिवसाला २८८, आणि काही बिघडलं नाही तर वर्षाला लाखभर.

चौकट : मापाचं माप

यंत्र खरं बोलतंय हे कसं ठरवायचं? त्याला माहीत असलेल्या प्रमाणात पारा पाजून. बंद बाटलीत पाऱ्याचा थेंब ठेवून तिचं तापमान पक्कं धरलं की वरच्या हवेत किती पारा आहे हे नेमकं ठाऊक असतं. २० अंशांना तो घनमीटरला १३ मिलिग्रॅम भरतो. त्या हवेचा १ मायक्रोलिटर, म्हणजे सुईच्या टोकावर राहील एवढा अंश, सिरिंजने यंत्रात सोडला की १३ पिकोग्रॅम पारा आत गेला. पाच लिटर स्वच्छ हवेत असतो त्याच्या जवळजवळ दुप्पट. यातून दुसरी गोष्टही कळते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात कधीकाळी फुटलेल्या एखाद्या थर्मामीटरचा कण फटीत राहिला असेल, तर तिथली खोलीची हवा या कामाला निरुपयोगी.

दिल्लीचा आकडा

पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, दिल्ली, अहमदाबाद आणि पुणे या शहरांच्या हवेतला पारा काही वर्षं मोजला. सरासरी अशी निघाली: दिल्ली ६.९ नॅनोग्रॅम, अहमदाबाद २.१, पुणे १.५. पुण्याचा आकडा उत्तर गोलार्धाच्या मोकळ्या हवेइतकाच. दिल्लीचा त्याच्या साडेचारपट. हिवाळ्यात आणि रात्री तो जास्त चढतो.

रात्र-हिवाळ्याचं कोडं दिल्लीकराला समजवायला नको. डिसेंबरच्या पहाटे आनंद विहारला जो धूर जमिनीला चिकटून बसलेला दिसतो, त्याचंच हे भावंड. थंडीत जमीन निवते, तिच्यालगतची हवा जड होते, वर तुलनेने ऊबदार थर बसतो आणि खालची हवा वर जाऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी हवा जितक्या उंचीपर्यंत घुसळली जाते त्याच्या कित्येक पट कमी उंचीत सगळं कोंडतं. पारा तेवढाच सोडला तरी तो दाट होतो.

सोडतं कोण? दगडी कोळशाच्या एका टनात पारा ग्रॅमच्या एक-दोन दशांशाइतका असतो. हा आकडा किरकोळ वाटतो, पण कोळसा टनांत जळत नाही, लाखो टनांत जळतो. हजार मेगावॉटचं वीज केंद्र वर्षाला ४०-५० लाख टन कोळसा खातं, म्हणजे त्याच्या भट्टीतून शेकडो किलो पारा जातो. त्यातला काही राखेबरोबर अडतो, बाकीचा धुराड्यातून वर. राजधानी क्षेत्रात १,८२० मेगावॉटचं दादरी आहे, झज्जर आहे, पानिपत आहे. यमुनेकाठचं बदरपूर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झालं. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी पाऱ्याची मर्यादा घालून दिली. राजधानी क्षेत्रातल्या इतर कारखान्यांना कोळसा जाळायला १ जानेवारी २०२३ पासून बंदी आहे. याखेरीज कचरा जळतो, त्यात फुटक्या ट्यूबलाइट आणि जुन्या बॅटऱ्या असतात, भंगार वितळतं. थेंबे थेंबे तळे साचे, ते असं.

दिल्लीच्या हवेतल्या पाऱ्याच्या बातम्यांचे मथळे वाचून काही जण घाबरतात. त्यांना सांगायला हवं की जागतिक आरोग्य संघटनेने श्वासातल्या पाऱ्याच्या वाफेसाठी सुचवलेली वार्षिक सरासरी घनमीटरला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे १,००० नॅनोग्रॅम. दिल्लीचे ७ त्याच्या आसपासही नाहीत. दिल्लीकराच्या फुप्फुसाला आज खरी भीती आहे ती सूक्ष्म धुळीची. पाऱ्याचं बिल फुटतं ते दुसरीकडे, माशांच्या ताटात, आणि बऱ्याचदा ज्यांनी कोळसा कधी जाळलाच नाही अशा लोकांच्या ताटात.

अलर्टचा वसंत

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला, ८२ अंश अक्षांशाच्या पुढे, अलर्ट नावाचं ठाणं आहे. मैलोन्‌मैल धुराडं नाही. विल्यम श्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये इथे पारा सतत मोजायला सुरुवात केली. अपेक्षा अशी की आलेख सपाट येईल: दीड, दीड, दीड. हिवाळाभर तसा तो आलाही. पण कित्येक महिन्यांच्या रात्रीनंतर सूर्य क्षितिजावर आला आणि आलेख कोसळू लागला. काही तासांत दीडचा पारा एक दशांशाच्याही खाली. एखाद-दोन दिवसांनी पुन्हा वर, पुन्हा खाली, असं जूनपर्यंत. १९९८ साली हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

वर्षभर हवेत टिकणारा पारा काही तासांत गेला कुठे?

धागा ओझोनमध्ये सापडला. जमिनीलगतचा ओझोन याच ठिकाणी, याच ऋतूत असाच गायब होतो हे १९८० च्या दशकात लक्षात आलेलं होतं. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले तर जोडीने खाली-वर जातात. दोघांचा काळ एकच: ब्रोमिन.

ब्रोमिन येतं समुद्राच्या मिठातून. समुद्र गोठतो तेव्हा मीठ बर्फाबाहेर ढकललं जातं आणि कोवळ्या सागरी बर्फावर, त्यावरच्या हिमावर खारट थर साचतो. त्यात मिठाबरोबर थोडं ब्रोमाइड असतं. सूर्याचे पहिले किरण पडले की त्यातून ब्रोमिनचे रेणू सुटतात आणि प्रकाशाने त्यांचे दोन-दोन अणू होतात. हे अणू ओझोन खातात. त्यातून तयार झालेली संयुगं परत खाऱ्या हिमावर बसून आणखी ब्रोमिन बाहेर काढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चक्रवाढीने. रात्री हे चाक फिरत नाही, कारण प्रकाश लागतो. भर उन्हाळ्यात फिरत नाही, कारण खारट बर्फ वितळून गेलेला असतो. थंडी आणि ऊन दोन्ही एकत्र असण्याचे तेवढे दोन-तीन महिने.

या ब्रोमिनचा एक अणू पाऱ्याला चिकटतो. ही पहिली जोडी कच्ची असते. उबदार हवेत ती फार वेळ टिकत नाही, सुटते आणि पारा पुन्हा मोकळा होतो. कडाक्याच्या थंडीत मात्र ती तग धरून राहते आणि तेवढ्यात तिसरा कोणी, आणखी एक ब्रोमिन किंवा दुसरा चपळ रेणू, येऊन तिला पक्कं करतो. आता पारा पूर्वीचा राहिला नाही. त्याने इलेक्ट्रॉन गमावले, तो पाण्यात विरघळू लागला, हिमाच्या कणाला, धुळीला, जे सापडेल त्याला चिकटू लागला. तासांत तो हवेतून उतरून बर्फावर बसतो. (मृत समुद्राकाठी इतकं ब्रोमिन आहे की तिथे थंडीवाचूनही हेच घडताना आढळलं आहे. निसर्ग नियमाला अपवाद ठेवतो ते आपल्याला कारण शोधायला लावण्यासाठी असावेत.)

दक्षिणेतही हेच, ऋतू उलटे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर जर्मनीच्या नॉयमायर ठाण्यावर २००० च्या सुमारास पाऱ्याची अशीच घसरण टिपली गेली. भारताचं मैत्री ठाणं ज्या क्वीन मॉड लँडमध्ये आहे, तिथेच नॉर्वेचं ट्रोल ठाणं आहे, आणि तिथे २००७ पासून पारा मोजला जातो.

हिमाद्रीच्या डोक्यावरचा डोंगर

आर्क्टिकमध्ये भारताचं घर आहे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ओलेसुन्द या चिमुकल्या वस्तीत. हिमाद्री हे केंद्र १ जुलै २००८ रोजी सुरू झालं आणि त्याचा कारभार गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. ही वस्ती मुळात कोळशाच्या खाणीची. १९६२ च्या भीषण अपघातात २१ माणसं गेल्यावर खाण बंद पडली आणि पुढे शास्त्रज्ञांनी वसाहत ताब्यात घेतली. ज्या गावाने कोळसा काढला तिथे आज कोळशाच्या धुराचा माग काढतात.

गावामागच्या झेपेलिन डोंगरावर, समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटर उंचीवर, नॉर्वेची वेधशाळा आहे. केबलच्या पाळण्यातून वर जावं लागतं. वर जाण्याचं कारण सोपं: खालच्या वस्तीतले जनरेटर आणि जहाजं यांची हवा मापात यायला नको. आर्क्टिकमधल्या पाऱ्याच्या सर्वांत लांबलचक नोंदींपैकी एक इथली आहे.

बराच काळ भारतीय शास्त्रज्ञ हिमाद्रीवर प्रामुख्याने उन्हाळ्यात जात. १८ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या पृथ्वी भवनातून पहिली हिवाळी तुकडी निघाली, तिच्यात आयआयटीएमचाही सहभाग होता, आणि केंद्र बारमाही झालं. हवेच्या रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे, कारण खरं नाटक मार्च-एप्रिलमध्ये होतं. जुलैत गेलेल्याला रिकामा रंगमंच सापडतो.

जे सोन्यातही सापडत नाही

इथवर यंत्राचं कौतुक झालं. त्याची दुखरी बाजूही आहे. साध्या, अणुरूप पाऱ्यावर सोन्याचा भरवसा ठेवता येतो. ब्रोमिनने बाटवलेला पारा मात्र सोन्यापर्यंत पोचायच्या आधीच नळीच्या भिंतीला चिकटून बसतो. नळी तापवून ठेवली तरी काही अंश जातोच. म्हणून त्यासाठी आधी पोटॅशियम क्लोराइडचा लेप दिलेली वेगळी नळी लावतात. तो पारा लेपावर अडवायचा, तासाभराने तापवून सोडवायचा आणि मग सोन्याकडे धाडायचा. बरीच वर्षं हीच पद्धत प्रमाण मानली गेली. पुढे लक्षात आलं की ओझोन आणि दमट हवा असली की हा लेप धरलेला पारा मोजणीआधीच सोडून देतो, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आता वेगवेगळ्या प्रकारच्या पटलांवर तो धरण्याच्या पद्धती आल्या आहेत, पण ब्रोमिनशी जोडलेला पारा नेमका कोणत्या संयुगांत असतो हा या क्षेत्रातला अजूनही भांडणाचा विषय आहे.

दिल्ली आणि ध्रुव इथे एकमेकांचे व्याही शोभतात. ध्रुवावर हवा कोरडी, स्वच्छ, पण पारा नाहीसा. दिल्लीत पारा भरपूर, पण हवेत इतर इतकं काही की सोडालाइम आणि गाळण्या लवकर संपतात, सोनं लवकर मंदावतं. शिवाय आर्गॉनच्या टाक्या. दिल्लीत फोन केला की टाकी येते. अंटार्क्टिकाला ती जहाजाने, वर्षातून एकदा, पुढच्या हिवाळ्याचा हिशेब आधीच करून न्यावी लागते. त्यामुळे आर्गॉन आणि वीज दोन्ही न लागणारे नमुने गोळा करणारे डबेही निघाले आहेत. गंधक चढवलेला कोळसा आत असतो, हवेतला पारा आपसूक त्यावर येऊन बसतो, दोन-तीन महिन्यांनी डबा प्रयोगशाळेत पाठवायचा. तासाची घसरण त्यात दिसत नाही, पण जिथे यंत्र ठेवणं परवडत नाही तिथली सरासरी कळते.

बर्फावर उतरल्यानंतर

हिमावर पडलेल्या पाऱ्यापैकी बराचसा उन्हाने पुन्हा साधा पारा होऊन हवेत परततो. आलेख वर का येतो, याचा काही भाग इथे आहे. उरलेला वितळणाऱ्या पाण्याबरोबर समुद्रात जातो. शिवाय २०१७ साली अलास्कातल्या अभ्यासाने दाखवलं की टुंड्राच्या जमिनीत मुरणारा बहुतांश पारा वसंतातल्या या घसरणीतून येतच नाही. तिथली खुरटी झाडंच उन्हाळाभर हवेतून साधा पारा पानांवाटे ओढून घेतात आणि मग नद्या तो समुद्रात नेतात. म्हणजे ब्रोमिनचं नाटक डोळ्यांत भरणारं, पण खजिना भरतात ती झाडं.

पाण्यातले काही जिवाणू पाऱ्याला मिथाइलमर्क्युरी या संयुगात बदलतात. हे संयुग शरीरात शिरलं की सहज बाहेर पडत नाही. शेवाळापासून लहान माशाकडे, त्याच्यापासून मोठ्याकडे, सीलकडे, ध्रुवीय अस्वलाकडे, प्रत्येक पायरीवर ते साठत जातं. आर्क्टिकच्या सागरी प्राण्यांतला पारा गेल्या दीडशे वर्षांत सुमारे दहापट झाला आहे, आणि सील नि व्हेल खाणाऱ्या इनुइट कुटुंबांच्या रक्तात तो उतरतो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ मध्ये ज्या विषाने माणसं लुळी पडली ते हेच संयुग. त्या गावाच्या नावाचा, पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबानुसार माणसाने २०१५ मध्ये हवेत सोडलेला पारा २,२०० टनांच्या घरात होता. कोळसा जाळण्याचा वाटा सुमारे २१ टक्के. पहिला क्रमांक ३८ टक्क्यांचा, आणि तो लहान सोनेखाणींचा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, आफ्रिकेत, आग्नेय आशियात लाखो गरीब माणसं चिखलात पारा खळतात, सोनं त्यात उतरवतात आणि पत्र्यावर तापवून पारा उडवतात. झारेकऱ्याचीच रीत, फक्त नदीच्या नदी घुसळून.

आणि तरीही झेपेलिनवरच्या सोन्यात अडकणाऱ्या सव्वादोन हजार कोटी अणूंपैकी या वर्षीच्या भट्ट्यांचे आणि खाणींचे फार तर एक-तृतीयांश. हवेत दरवर्षी जाणाऱ्या पाऱ्यातला अर्ध्याहून अधिक भाग जुना असतो. कधीतरी पूर्वी पडलेला, मातीत नि समुद्रात मुरलेला आणि पुन्हा वर आलेला. ज्वालामुखीसारख्या निसर्गाच्या वाटा दशांशाइतक्याच. पाऱ्याची सात स्थिर समस्थानिकं आहेत, म्हणजे किंचित कमी-जास्त वजनाचे सात प्रकारचे अणू, आणि प्रत्येक रासायनिक घडामोडीत त्यांचं परस्पर प्रमाण जरासं बदलतं. ते प्रमाण तपासून पारा थेट हवेतून आला, झाडातून आला की बर्फावरून परतला, हे आता सांगता येऊ लागलं आहे. कुठल्या धुराड्याचा, ते मात्र नाही. बदरपूरची भट्टी विझून वर्षं झाली. तिने सोडलेल्या पाऱ्यातला काही अंश मातीत नि समुद्रात बसला असणार, आणि तिथून तो उठत-बसत राहील तोवर सोन्याच्या नळ्यांत त्याची मोजदाद चालू राहील.